साइन नियमाचं दुसरं उत्तर

कोरा कागद, पट्टी, कोनमापक आणि कंपास घेऊन बसा. कागदाच्या तळाशी एक आडवा किरण काढा. त्याच्या आरंभबिंदूला ‘अ’ म्हणू. तिथे ३० अंशांचा कोन करून दुसरा किरण वर न्या आणि त्यावर ‘अ’पासून १० सेंमीवर ‘क’ हा बिंदू घ्या. आता कंपासात ६ सेंमी अंतर घेऊन त्याचं टोक ‘क’वर ठेवा आणि खालचा किरण छेदला जाईल असा मोठा कंस काढा.

कंस किरणाला दोनदा छेदतो. एक छेदनबिंदू ‘अ’पासून साधारण ५.३ सेंमीवर पडतो, दुसरा जवळजवळ १२ सेंमीवर. यांतला कुठलाही बिंदू ‘ब’ म्हणून घ्या आणि ‘क’ला जोडा. कोन अ ३० अंश, अक १० सेंमी, कब ६ सेंमी, या तिन्ही अटी दोन्ही वेळा तंतोतंत पाळल्या जातात. तरीही दोन त्रिकोण एकमेकांशी जुळत नाहीत.

आता हेच गणिताने करू. साइन नियम सांगतो की त्रिकोणाच्या कोणत्याही बाजूला तिच्या समोरच्या कोनाच्या साइनने भागलं, तर तीच किंमत मिळते. (कोनाची साइन म्हणजे काटकोन त्रिकोणात त्या कोनासमोरची बाजू भागिले कर्ण; ३० अंशांची साइन ०.५.) म्हणून कोन ब ची साइन १० × ०.५ ÷ ६, म्हणजे सुमारे ०.८३३. कॅल्क्युलेटरला या साइनचा कोन विचारला की तो ५६.४४ अंश सांगतो आणि थांबतो. एका प्रश्नाला एकच उत्तर द्यायचं, एवढंच त्याला ठरवून दिलेलं असतं, म्हणून तो उणे ९० ते अधिक ९० अंशांच्या बाहेर बघतच नाही. पण कोन आणि त्याचा पूरक कोन यांची साइन सारखीच असते. १२३.५६ अंशांची साइनही तेवढीच भरते. लांबच्या ‘ब’पाशी ५६.४४ अंशांचा लघुकोन आहे, जवळच्या ‘ब’पाशी १२३.५६ अंशांचा विशालकोन.

हे सूत्रावर विश्वास ठेवून मानायची गरज नाही, आकृतीतच दिसतं. दोन्ही ‘ब’ बिंदू आणि ‘क’ मिळून एक समद्विभुज त्रिकोण होतो, कारण दोन्ही बाजू ६ सेंमी आहेत. त्याच्या पायाचे दोन्ही कोन सारखे, ५६.४४ अंशांचे. जवळच्या ‘ब’पाशी याच कोनाच्या शेजारी, त्याच रेषेवर, आपल्या लहान त्रिकोणाचा कोन बसतो. रेषीय जोडीतले हे दोन कोन, त्यांची बेरीज १८० व्हायलाच हवी.

शाळेत एकरूपतेच्या कसोट्या शिकताना बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) अशी यादी पाठ होते. ‘बाबाको’ त्यात का नाही, असा प्रश्न फार कमी जण विचारतात. आपली आकृती हे त्याचं पूर्ण उत्तर आहे. कोन दोन बाजूंच्या मध्ये समाविष्ट असेल तर त्रिकोण पक्का होतो, एका बाजूच्या समोर असेल तर हमी राहत नाही. कर्ण आणि एक भुजा जुळवणाऱ्या कर्णभुजा कसोटीत कोन समाविष्ट नसूनही चालतं, कारण तो कोन काटकोन असतो.

बहुतेक ठिकाणी हा भाग नियमांचं कोष्टक म्हणून शिकवला जातो: बाजू एवढी असेल तर एक त्रिकोण, तेवढी असेल तर दोन. मला ही पद्धत पटत नाही. हातात कंपास असेल तर कोष्टक आपोआप तयार होतं. ‘क’पासून खालच्या किरणापर्यंत लंबांतर १० × ०.५ = ५ सेंमी आहे. कंपासात ४ सेंमी घेतलं तर कंस किरणापर्यंत पोचतच नाही (साइन १.२५ येते, कॅल्क्युलेटर चूक दाखवतो). बरोबर ५ घेतलं तर कंस किरणाला फक्त स्पर्श करतो, काटकोन त्रिकोण मिळतो. ५ आणि १० च्या दरम्यान दोन त्रिकोण. १० च्या पुढे गेलात की एक छेदनबिंदू ‘अ’च्या मागे सरकतो आणि किरणावर एकच उरतो. अशा वेळी कोनांची बेरीजही तेच सांगते. १२ सेंमीला कोन ब २४.६ किंवा १५५.४ अंश येतो, पण १५५.४ मध्ये ३० मिळवले की १८० ओलांडले जातात.

कोसाइन नियम वापरला तर ही दुविधा लपूनच राहत नाही. अब या बाजूसाठी वर्गसमीकरण मिळतं आणि त्याची दोन मुळं म्हणजेच ५.३४ आणि ११.९८. त्यांचा गुणाकार करून पाहा: ६४. म्हणजे १०० वजा ३६, दोन दिलेल्या बाजूंच्या वर्गांतला फरक. त्यात कोन कुठेच नाही! ३० ऐवजी २० अंश घेतले तर अंतरं ४.४७ आणि १४.३३ होतात, गुणाकार ६४ च राहतो. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला छेदणारी कुठलीही रेषा काढा, त्या बिंदूपासून दोन छेदनबिंदूंपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार तोच राहतो; वर्तुळाच्या जीवांच्या बाह्यछेदनाचं प्रमेय ते हेच. दोन उत्तरं स्वतंत्र नाहीत, एक कळलं की दुसरं बांधलेलं आहे, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत देखणं वाटतं.

हाच त्रिकोण आकाशातही आहे. ‘अ’च्या जागी पृथ्वी, ‘क’च्या जागी सूर्य, ‘ब’च्या जागी शुक्र ठेवा. पृथ्वी-सूर्य अंतर १ एकक धरलं तर शुक्र सूर्यापासून सुमारे ०.७२३ एककांवर फिरतो. संध्याकाळी शुक्र सूर्यापासून ३० अंशांवर दिसला, तर तो आहे कुठे? कक्षा वर्तुळाकार मानली तर एक उत्तर सुमारे ५.१ कोटी किलोमीटर, दुसरं सुमारे २०.८ कोटी. नुसत्या डोळ्यांनी कोन मोजून यांतलं खरं कुठलं ते कळणार नाही. दुर्बीण लावली की मात्र कळतं. जवळच्या जागी शुक्राची चकती चौपट रुंद असते, पण तिचा जेमतेम १४ टक्के भाग उजळलेला, म्हणजे बारीक कोर. दूरच्या जागी चकती लहान आणि ८६ टक्के उजळलेली. कंस किरणाला नुसता स्पर्श करतो ती स्थिती म्हणजे शुक्राचं सूर्यापासूनचं सर्वांत मोठं कोनीय अंतर, साधारण ४६ अंश. त्याहून दूर शुक्र दिसूच शकत नाही, म्हणून तो मध्यरात्री डोक्यावर येत नाही.

पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या विश्वरचनेत शुक्र कायम सूर्याच्या अलीकडे होता, म्हणजे दूरच्या उत्तराला तिथे जागाच नव्हती. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या, त्यात लहान आणि जवळजवळ पूर्ण उजळलेला शुक्रही होता. दुसरं उत्तर प्रत्यक्षात होतं.

खगोलशास्त्रज्ञांना ही दुविधा आजही भेटते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापासून सूर्य सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर आहे. सूर्याच्या कक्षेच्या आत फिरणाऱ्या वायूच्या ढगाचा वेग मोजला, तर तो केंद्रापासून किती दूर आहे हे काढता येतं, आणि तो कोणत्या दिशेला दिसतो हे तर माहीतच असतं. दोन बाजू आणि समाविष्ट नसलेला कोन! त्यामुळे ढग जवळच्या बिंदूवर आहे की दूरच्या, हे वेगावरून ठरत नाही. इथे एक युक्ती उपयोगी पडते. दूरच्या बिंदूवरच्या हायड्रोजनचा वेगही आपल्याला तेवढाच दिसतो आणि तो २१ सेंमी तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडत असतो. ढग जवळच्या बिंदूवर असेल, तर त्यातला थंड हायड्रोजन मागून येणाऱ्या या लहरी शोषून घेतो आणि वर्णपटात नेमक्या त्या वेगापाशी खाच दिसते. ढग दूरच्या बिंदूवर असेल, तर त्याच्यामागे त्या वेगाचा हायड्रोजन नसतो आणि अशी खाचही सहसा दिसत नाही.