लाइम कोलोन, इंग्लिश

लाइम कोलोन, इंग्लिश : लिंबाच्या बाष्पनशील तेलावर आधारलेले सौम्य, अल्कोहॉलयुक्त सुगंधी द्रव्य. दाढीनंतर चेहऱ्याला लावण्यासाठी ते लंडनच्या केशकर्तनालयांत रूढ झाले. यातील ‘लाइम’ म्हणजे सिट्रस ऑरँटिफोलिया, अर्थात आपले कागदी लिंबू.

कोलोनचे जनकत्व वादग्रस्त आहे. काही लेखक ते जोव्हान्नी पाओलो फेमिनिस याला देतात. तथापि १७०९ मध्ये जर्मनीतील कोलोन शहरात सुरू झालेल्या फारिना पेढीचे दप्तर बऱ्याच अंशी टिकून असल्याने योहान मारिया फारिना (१६८५–१७६६) याच्याकडे श्रेय जाणे अधिक ग्राह्य वाटते. त्या मूळ प्रकारात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाला महत्त्व होते. इंग्लंडमध्ये लिंबू केव्हा पुढे आले हे ठरवताना पेढ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर भिस्त ठेवावी लागते. फ्लोरिस (स्थापना १७३०) आपले ‘लाइम्स’ १८३२ चे असल्याचे सांगते. ट्रूफिट अँड हिल (१८०५), टेलर (१८५४) व ट्रंपर (१८७५) या केशकर्तनकारांच्या पेढ्यांनीही लिंबाचे प्रकार विकले. ‘वेस्ट इंडियन’ हे विशेषण त्यांपैकी काहींच्या नावातच आहे.

हे विशेषण निव्वळ शोभेचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका व माँटसेरात बेटांवर लिंबाच्या मोठ्या बागा होत्या. रस आटवून सायट्रिक अम्लाच्या कारखान्यांना पाठवला जाई आणि त्या ओघात ऊर्ध्वपातनाने तेल मिळे. दुसरे तेल हाताने काढीत : खिळे असलेल्या तांब्याच्या वाडग्यात फळ फिरवून सालीतील तैलग्रंथी फोडत. दोन्ही तेले एकाच फळाची, पण गंध वेगळा. दाबून काढलेल्या तेलात सिट्रल हे लिंबाचा वास देणारे संयुग टिकते व ताज्या सालीचा वास येतो. ऊर्ध्वपातनात आम्ल रस व उष्णता यांमुळे बरेचसे सिट्रल नष्ट होते आणि टर्पिनिऑल, टर्पिनोलीन, सिनिओल यांसारखी संयुगे वाढतात. गंध गोडसर, किंचित औषधी होतो. पुष्कळांच्या मनात ‘लाइम’ म्हणून ठसलेला वास खरे तर हाच. ताजे लिंबू चिरणाऱ्याला तो ओळखीचा वाटेलच असे नाही.

दाबलेल्या तेलात बर्गॅप्टेनसारखी फ्युरोकुमरीने नावाची संयुगे असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागल्यास डाग व भाजल्यासारखे फोड उठू शकतात. त्यामुळे सुगंध-उद्योगाने त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली आहे. ऊर्ध्वपातित तेलात ही जड संयुगे जवळजवळ येत नाहीत. लिंबाच्या तेलातील लिमोनीन हा घटक लवकर उडून जात असल्याने कोलोनचा वास अल्पकाळच टिकतो. अल्कोहॉलचा जंतुनाशक उपयोग मात्र न्हाव्याला पुरेसा होता.

‘बार्बरशॉप’ (केशकर्तनालय) म्हणून ओळखला जाणारा लव्हेंडर, कुमरीन (वाळल्या गवतासारख्या गोड वासाचे संयुग) व ओकमॉस (दगडफुलासारखे एक शैवाक) यांचा गंध ही वेगळी, फ्रेंच परंपरा. तिचा आरंभ सामान्यतः उबिगाँ पेढीच्या १८८२ च्या ‘फुजेर रॉयाल’पासून मानतात.