अपमानाच्या वस्तू संग्रहालयात कशाला? : पार्श्वभूमी

अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी संपली, पण कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी बाहुल्या-भांडी पुढे शंभर वर्षं सर्रास खपत होती. डोक्याला फडकं बांधलेली जाडजूड मोलकरीण मिठाच्या डबीपासून पिठाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे असायची. पुड्यावरची ती बाई मागे घेत असल्याचं कंपनीने जाहीर केलं ते थेट 2020 मध्ये.

या वस्तूंचं करायचं काय, हा प्रश्न मिशिगनमधल्या एका विद्यापीठात धसाला लागला. तिथल्या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने 1996 मध्ये स्वतःचा सगळा संग्रह विद्यापीठाला दिला. याच माणसाने लहानपणी अशी एक वस्तू विकत घेऊन फोडली होती. आक्षेप साधार होते : मांडल्याने अपमान पुन्हा होतो, हौशी संग्राहकांमुळे भाव चढतात, नकली माल निघतो. तरीही वस्तू ठेवल्या. मात्र शेजारी जमावाने केलेल्या हत्यांचा आणि नागरी हक्क चळवळीचा इतिहास लावला. 2012 मध्ये संग्रहाला मोठी जागा मिळाली. माझ्या मते निर्णय योग्यच होता. फोडलेल्या वस्तूबरोबर ती बनवणाराही सुटतो.

पुरावा म्हणजे काय, हे बेळगावच्या सीमाभागात कुणाला सांगावं लागत नाही. जुने सात-बारा, शाळेचे दाखले, मराठी पाट्यांचे फोटो आपण 1956 पासून जिवापाड जपले. 2004 पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. पण रंगावरून झालेल्या अपमानाचे कागद आपण कधी गोळा केले?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी बरेच घाट चढून पळाले, त्यांचे हे वंशज. 1987 मध्ये सरकारी क्रीडा योजनेत सिद्दी मुलं निवडली गेली. अंगात आफ्रिकेचं रक्त म्हणजे पळणारच, हे त्यामागचं गृहीतक. काही वर्षांत योजना गुंडाळली आणि मुलं घरी परतली. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना आणखी थांबावं लागलं. त्या निवडीची पत्रं, फोटो कुणाच्या ट्रंकेत असतील तर तो इतिहासाचा कागद आहे.

आपल्या घरातली वस्तू आणखी जवळची. 1975 मध्ये बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमसोबत चेहऱ्यांची एक पट्टी मिळायची : सावळ्यापासून उजळापर्यंत एकाच बाईचे चेहरे, आरशात बघून आपला नंबर ताडायचा. 2020 मध्ये नावातून गोरेपणा गेला. ती पट्टी आणि ‘गोरी, सुशील वधू पाहिजे’ची कात्रणं आत्ताच जमवली नाहीत तर दहा वर्षांनी असं काही नव्हतंच म्हणणारे भेटतील.

फक्त असा संग्रह मांडताना सिद्दींच्या वस्तूंखाली काय लिहायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय बेळगावात बसून ठरवू नये. एखाद्या घराने फोटो द्यायला नकार दिला, तर तो विषय तिथेच थांबवावा.