जलरंगातील लेस आणि कापडाचा पोत

लेस, मलमल, सॅटिन, मखमल, लोकर ही कापडे एकाच कागदावर, त्याच चार-सहा रंगांतून आपापली ओळखू येतील अशी रंगवण्याचे तंत्र. व्यक्तिचित्र, वस्तुचित्र आणि वेशभूषेची संकल्पचित्रे यांत ते सतत लागते. कापड ओळखू येते ते धागे मोजून काढल्यामुळे नव्हे, तर उजेड कुठे संपतो आणि सावली कशी सुरू होते यावरून. सॅटिनमध्ये ही सीमा धारदार असते, लोकरीत ती विरघळून जाते, मखमलीत उजेड भलत्याच जागी असतो आणि लेसमध्ये सीमा म्हणजे प्रत्येक भोकाची कड. जलरंगात पांढरा भाग बहुतांशी कोऱ्या कागदाचाच असतो; त्यामुळे काय रंगवायचे याआधी काय सोडायचे, हे ठरवावे लागते.

कागद आणि रंग

कागद शक्यतो सुती लगद्याचा आणि किमान ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे वजन ३०० ग्रॅम) असावा. याहून पातळ कागद भिजवून, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून फळीवर ताणला नाही तर तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. लेस आणि सॅटिनसाठी गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस्ड कागद सोयीचा. बारीक भोकांच्या कडा त्यावर स्वच्छ येतात. लोकर, डेनिम, जाडेभरडे सूत यांना खडबडीत कागद अर्धे काम आयते करून देतो.

पांढऱ्या कापडाची सावली तयार काळ्या रंगाने केली तर कापड मळलेले दिसते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) यांच्या मिश्रणातून हवा तसा उबदार किंवा थंड करडा मिळतो. जवळच्या वस्तूचा रंग त्यात किंचित मिसळला की सावली जिवंत होते. अल्ट्रामरीन कागदाच्या खळग्यांत कणाकणाने बसतो, म्हणून तो भरड कापडाला चांगला. तो ओल्या ब्रशने बराचसा उचलताही येतो. थॅलो निळा कागदात मुरतो. चुकला तर मागे घेता येत नाही. जलरंग वाळल्यावर फिका होतो, तेव्हा गडद भाग ओला असताना डोळ्याला जरा जास्तच वाटेल इतका दाट लावावा.

चुण्या आधी, नक्षी नंतर

पोताकडे वळण्यापूर्वी कापड कुठे लटकले आहे ते शोधावे. खांदा, गुडघा, खिळा, टेबलाचा कोपरा अशा टेकूपासून चुण्या फाकतात आणि दोन टेकूंच्या मध्ये कापडाला झोळ पडतो. टेकू चुकला तर पुढचे कितीही बारीक काम कापड वाचवू शकत नाही. प्रत्येक चुणीची एक कड कडक आणि दुसरी मऊ असते. कडक कडेला कोरड्या कागदावर रंग लावायचा आणि तो ओला असतानाच दुसरी बाजू स्वच्छ पाण्यात बुडवून टिपलेल्या ब्रशने ओढून विरवायची. ब्रश निथळता असला तर पाणी अर्धवट वाळलेल्या रंगात घुसते आणि फुलकोबीच्या कडेसारखा डाग उठतो. तो ओला असताना चोळू नये. पूर्ण वाळू द्यावा आणि मग ओलसर ब्रशने त्याची कड हलकेच सैल करावी.

पट्टे किंवा चौकडी असेल तर रेघ चुणीबरोबर वळते, घडीत लपते आणि पलीकडे थोडी सरकून पुन्हा निघते. या सरकण्यानेच घडी खोल वाटते. सावलीतला पट्टा उजेडातल्या पट्ट्याहून गडद हवा. दोन्हीकडे तोच रंग वापरला तर नक्षी कापडावर न दिसता कागदावर छापल्यासारखी दिसते.

लेस

लेसची बांधणी समजली तर रंगवण्याचे निम्मे काम सोपे होते. जाळी, तिच्यावरची भरीव नक्षी, आणि काठाचे कंगोरे असे तिचे तीन भाग. सोळाव्या शतकात युरोपात रूढ झालेली बॉबिन लेस (फिरक्यांवर गुंडाळलेले धागे गुंफून केलेली) आणि सुईची लेस घ्या किंवा आजची यंत्रावरची, चित्रकाराच्या दृष्टीने हे तीन भाग तसेच राहतात.

गडद कापडावर पांढरी लेस असेल तर धागे रंगवायचे नाहीत, भोके रंगवायची. आधी चुणीच्या वळणाप्रमाणे दोन-तीन फिक्या मार्गदर्शक रेघा आखाव्यात आणि नक्षीची आवृत्ती त्यांच्यावर खुणांनी मोजून घ्यावी. वळणाऱ्या भागात फुले अरुंद होत जातात आणि गोल भोके लंबगोल होतात. मग पूर्ण लेसवर अगदी पातळ, उबदार करड्या रंगाचा हात द्यावा. जिथे थेट उजेड पडतो तेवढी जागाच कोरी ठेवावी. हा थर वाळला की चुण्यांच्या सावल्या, आणि त्याही वाळल्यावर ० ते २ नंबरच्या टोकदार ब्रशने भोके. भोकांचा रंग खालच्या कापडाचाच असतो. तो आठ-दहा ब्रश पुरेल इतका एकदम कालवून ठेवावा, नाहीतर मध्येच नवा कालवला की छटा बदलते. दाटपणा दूध आणि साय यांच्या मधला.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे सगळी भोके सारख्या आकाराची आणि सारखी गडद करणे. त्याने लेसची चाळणी होते. उजेडाच्या टोकाला भोके थोडी फिकी आणि तुटक असावीत. काही ठिकाणी दोन-तीन भोके एकत्र वाहून जाऊ द्यावीत. बारकाई एका जागी, चेहऱ्याजवळ किंवा मनगटाजवळ, पूर्ण करावी आणि बाकी लेस नुसत्या इशाऱ्यावर सोडावी.

लेसची पडछाया विसरू नये. मेज किंवा त्वचेवर पडलेली जाळीची सावली लेसपासून उजेडाच्या विरुद्ध बाजूला सरकलेली असते आणि त्या अंतरावरूनच लेस अंगाला चिकटली आहे की उचललेली आहे, ते कळते. कंगोऱ्याखाली अर्धा मिलिमीटरची करडी रेघ दिली तरी काठ कागदापासून सुटतो.

खिडकीवरच्या लेसच्या पडद्यात सगळा हिशेब उलटतो. उजेड मागून येत असल्याने भोके सर्वांत उजळ आणि धागे गडद दिसतात. तिथे बाहेरच्या दृश्याचा फिका वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, देऊन वाळल्यावर धागेच रंगवायचे. नक्षीचा भरीव भाग सर्वांत गडद येतो.

राखून ठेवणे आणि वरून पांढरा देणे

फार बारीक जाळी सोडत रंगवणे शक्य नसेल तेव्हा मास्किंग फ्लुइड वापरतात. हा पाण्यात मिसळलेला रबराचा चीक असून त्यात अमोनिया असतो. ब्रश आधी साबणाच्या फेसात बुडवून घ्यावा, नाहीतर केसांत रबर धरून तो कायमचा जातो. बारीक रेघेसाठी रूलिंग पेन किंवा बोरूची निब बरी. कागद पूर्ण कोरडा असतानाच ते लावावे, हेअर ड्रायरने वाळवू नये आणि शक्यतो त्याच दिवशी काढावे. उष्णतेने आणि जास्त वेळ राहिल्याने ते कागद धरून बसते व काढताना पापुद्रा निघतो. काढल्यावर राहणाऱ्या कडा कात्रीने कापल्यासारख्या असतात. त्या काही ठिकाणी ओलसर ब्रशने मऊ केल्या आणि उघड्या पांढऱ्यावर सावलीचा पातळ थर दिला तरच लेस चित्रात बसते. मेण लावूनही जागा राखता येते, पण मेण नंतर निघत नाही. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट (१८५६–१९२५) याने जलरंगात मेणाचा असा वापर केला आहे.

दुसरा मार्ग अपारदर्शक पांढऱ्याचा. मोगल लघुचित्रांत अंगरख्याची तलम मलमल खालचा रंग पुरा झाल्यावर पातळ पांढऱ्याने दाखवलेली दिसते. १८३४ मध्ये विन्सर अँड न्यूटन कंपनीने झिंक ऑक्साइडचा ‘चायनीज व्हाइट’ बाजारात आणला. इंग्रज चित्रकार जॉन फ्रेडरिक लुइस (१८०४–१८७६) याने जलरंगात अपारदर्शक पांढरा मिसळून भरजरी वस्त्रांचे धागे न् धागे रंगवले. झिंकचा पांढरा वाळल्यावर थोडा दबतो, म्हणून ठळक ठिपक्यांसाठी टायटेनियम पांढऱ्याचा गुआश (अपारदर्शक जलरंग) घ्यावा. एका फटकाऱ्यात ठेवावा आणि पुन्हा ब्रश फिरवू नये. चोळला की खालचा रंग विरघळून वर येतो आणि पांढऱ्याचा खडूसारखा निळसर राखाडी होतो.

खरी लेस कागदावर ठेवून वरून रंग फवारण्याची युक्ती सजावटीला ठीक आहे. चुणी असलेल्या कापडाला ती चालत नाही, कारण छाप सपाटच राहतो.

इतर कापडे

सॅटिनमध्ये लांब, सुटे धागे एका दिशेने पसरलेले असतात. म्हणून कोऱ्या कागदाचा उजेड आणि सर्वांत गडद सावली अगदी शेजारी येतात, मध्ये मधल्या छटेची अरुंद पट्टी. मखमलीत नेमके उलटे. तिचे तंतू उभे असतात. समोरून पाहताना नजर तंतूंच्या मधल्या अंधारात शिरते, म्हणून फुगवट्याचा मध्य गडद आणि वळणारी कड उजळ. मखमल सॅटिनसारखी मध्यभागी चमकवली की ती हमखास प्लास्टिक दिसते. तिला दोन-तीन दाट थर लागतात. पहिला ओल्या कागदावर देऊन कडा विरू द्याव्यात आणि उजळ कडा शेवटी ओलसर, चपट्या ब्रशने उचलाव्यात.

शिफॉन किंवा मलमलीखालचे सगळे आधी रंगवून पूर्ण वाळवावे. त्यावर मऊ ब्रशने एकच सलग पातळ हात. कापड दुहेरी होते तिथे वाळल्यावर दुसरा, आणि तीन घड्यांवर तिसरा. लोकरीची बाह्यरेषा ओल्या कागदावर फुटू द्यावी. डेनिमला निळा वॉश वाळल्यावर जवळजवळ कोरडा, केस फाकवलेला ब्रश तिरक्या विणीच्या दिशेने ओढावा. शिवणीवर सुरकुत्यांच्या टोकांना रंग फिका ठेवला की कापड वापरलेले वाटते. मीठ टाकून उमटणारे ठिपके सगळ्या कापडांवर एकसारखेच दिसतात, त्यामुळे वस्त्रासाठी ते फारसे उपयोगाचे नाही.

शेवटची धारदार रेघ, म्हणजे जरीचा एखादा चमकता धागा किंवा लेसचे टोक, नव्या ब्लेडच्या कोपऱ्याने हलके खरवडून काढता येते. त्यासाठी कागद पूर्ण वाळलेला हवा. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू सुटतात आणि नंतर दिलेला रंग तिथे गडद शोषला जातो, म्हणून हे काम चित्रात सर्वांत शेवटी करतात.