सात की साठ?

एखादे ‘हरवलेले’ देऊळ सापडल्याची बातमी आली की त्याचे श्रेय बहुधा उपग्रहाला नाहीतर ड्रोनला दिले जाते. ग्रीसच्या युबिया बेटावरील आर्टेमिस अमारिसिया या देवीच्या देवळाचा पत्ता मात्र एका अक्षराच्या चुकीत दडलेला होता.

स्ट्रेबो या प्राचीन भूगोलकाराच्या ग्रंथात हे देऊळ असलेले अमारिन्थोस हे गाव एरेट्रिया शहराच्या तटापासून सात स्टेडियनवर असल्याची नोंद आहे. स्टेडियन म्हणजे ढोबळमानाने १८० मीटर. तेव्हा देऊळ जेमतेम सव्वा किलोमीटरवर हवे, पण त्या टापूत ते काही मिळेना. डेनी क्नॉफ्लर या स्विस अभ्यासकाने शंका घेतली ती जमिनीवर नव्हे, तर आकड्यावर.

ग्रीक लोक वर्णमालेतील अक्षरांनीच संख्या लिहीत: आल्फा म्हणजे १, बीटा २, आयोटा १०, काप्पा २०. (आर्यभटानेही क ते म या व्यंजनांना १ ते २५ ही मूल्ये दिली होती.) आपल्या दशमान पद्धतीत ६० लिहायला दोन अंक लागतात आणि ७ ला एकच, त्यामुळे संख्येची लांबीच चुकीवर पहारा ठेवते. ग्रीक पद्धतीत असा पहारा नाही, कारण ७ म्हणजे झीटा आणि ६० म्हणजे क्साय, दोन्ही एकेकच अक्षर आणि हस्ताक्षरात दोघांची वळणेही मिळतीजुळती. नक्कल करणाऱ्या लेखनिकाची नजर चुकली, तर सुमारे अकरा किलोमीटरचा सव्वा किलोमीटर होतो.

साठ स्टेडियन धरून पूर्वेकडे गेल्यास किनाऱ्यालगत पालिओएक्लिसिएस, म्हणजे ‘जुनी चर्चे’, ही टेकडी लागते. तिच्या पायथ्याशी स्विस आणि ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात आधी एका मोठ्या स्तंभयुक्त ओसरीचे अवशेष मिळाले, आणि २०१७ मध्ये छपराच्या कौलांचे शिक्के मारलेले तुकडे. त्यांवर ‘आर्टेमिडोस’ असे होते. ही सरळ षष्ठी विभक्ती आहे: ‘आर्टेमिसचे’. कोकणात देवीला कौल लावतात. इथे निवाडा दिला तो भाजलेल्या मातीच्या कौलाने, आणि तो कोणालाही हातात घेऊन वाचता येतो.

पुढे खुद्द देऊळही उघडे झाले. ते इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील, सुमारे ३४ मीटर लांबीचे आहे, आणि आतील नालेच्या आकाराच्या वेदीवर जळक्या हाडांच्या राखेचे जाड थर तसेच साचून राहिले होते.