खुर्ची 'शी' की 'इट'?

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या मराठी शाळेत 'खुर्ची मोडली' याचं इंग्रजी विचारा. एखादं पोर 'शी इज ब्रोकन' म्हणेल. चूक खरी, पण तिच्यामागं चोख व्याकरण आहे. मराठीत खुर्ची ती, पलंग तो, टेबल ते. पोरानं तोच नियम इंग्रजीला लावला.

आता त्यालाच विचारा, कन्नडमध्ये खुर्चीला काय म्हणतोस? 'अदु'. पुरुष 'अवनु', बाई 'अवळु', आणि वस्तू, जनावरं सगळी 'अदु'. म्हणजे जवळजवळ इंग्रजीचं 'ही, शी, इट'! बाजारात, बसमध्ये कानावर पडलेल्या कन्नडनं हा धडा आधीच करून घेतलेला असतो. मग इंग्रजीच्या तासाला मराठी-कन्नड बंद का ठेवायची?

या बंदीमागं वसाहतीचा इतिहास आहे. 1961 साली युगांडातल्या मकेरेरे इथं राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद भरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, जन्मानं इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक, अशा समजुतींना तिथं बळ मिळालं. 1992 मध्ये भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी त्या भ्रामक ठरवल्या. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये तर 19व्या शतकात काही शाळांत वेल्श ही आपली भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवत. त्याच वेल्समध्ये 1990 च्या दशकात शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी एका भाषेत वाचून दुसरीत मांडण्याची पद्धत पुढं आणली. तिला आज 'ट्रान्सलँग्वेजिंग' म्हणतात.

आपल्या भागाला हे नवं नाही. सीमेपलीकडच्या, सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाअभ्यासकांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केला. तिथं कन्नड, मराठी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जुळली होती, की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भाषांतर झालं! तिथली मराठी 'नदी आली' न म्हणता 'नदी आलं' म्हणायची. पुस्तकी कानाला हे अशुद्ध वाटेल. मला मात्र त्यात कन्नडचा 'अदु' मराठीत मुरलेला दिसतो, आणि असं बोलणाऱ्या मुलाला 'इट' समजावणं किती सोपं जाईल, हेही.

उलट 'वी' घ्या. कन्नडचा 'नावु' तसाच एकटा. मराठीत 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं. फळ्यावर 'वी आर गोइंग टू बेळगाव' लिहून बाईंनी विचारावं, 'यात मी आहे का रे?' मराठीत उत्तर शब्दातच असतं. इंग्रजीत ते पुढच्या-मागच्या वाक्यांतून शोधावं लागतं, आणि तो शोध मुलं मराठीतच घेतील.