पल्प मासिके

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापली जाणारी अमेरिकी कथामासिके. लगदा म्हणजे पल्प. कागदाचे हे नाव आधी मासिकांना आणि मग त्यांतल्या लेखनालाही चिकटले. १८९६ ते १९५०च्या दशकाचा मध्य हा त्यांचा काळ.

त्याआधी ‘डाइम नॉव्हेल’ होती. डाइम म्हणजे १० सेंटचे नाणे. बीडल यांच्या प्रकाशनाने १८६० मध्ये अॅन स्टीफन्स यांची ‘मालाएस्का’ या किमतीला काढली आणि पुढे यादवी युद्धात अशा पुस्तिका छावण्यांतून फिरल्या. फ्रँक मन्सी यांनी १८९६ मध्ये आपले ‘आर्गसी’ हे मासिक लगद्याच्या कागदावर नेले आणि त्यात फक्त कथा ठेवल्या. किंमत तीच, १० सेंट. पाने मात्र जवळजवळ दोनशे. पहिले पल्प मासिक ते हेच.

सुरुवातीच्या अंकांत सगळ्याची मिसळ असे. ‘ऑल-स्टोरी’त १९१२ मध्ये टारझन अवतरला, तो याच मिसळीतून. नंतर स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनाने एकेका प्रकाराला वेगळे मासिक दिले : १९१५ मध्ये हेरकथा, १९१९ मध्ये वेस्टर्न (काउबॉयच्या कथा), १९२१ मध्ये प्रेमकथा. पाठोपाठ इतरांची ‘वीअर्ड टेल्स’ (१९२३) हे भयकथांचे आणि ह्यूगो गर्न्सबॅक यांचे ‘अमेझिंग स्टोरीज’ (१९२६) हे विज्ञानकथांचे मासिक आले. हेरकथा किंवा भयकथा काही यांनी शोधून काढल्या नाहीत. एडगर अॅलन पो यांनी त्या कितीतरी आधी लिहिल्या होत्या. पण स्टॉलवर गिऱ्हाइकाला हवा तो अंक चटकन सापडावा म्हणून प्रकाशकांनी पाडलेले हे कप्पे पुस्तकांच्या दुकानांत आजही तसेच आहेत.

लेखकाला पैसे शब्दांवर मिळत, बरेचदा शब्दाला एक सेंट. साहजिकच पाट्या टाकणारे पुष्कळ निघाले, पण वेगाची कमालही दिसली. १९३० मध्ये रेडिओवरच्या एका हेरकथा कार्यक्रमात ‘शॅडो’ नावाचा गूढ आवाज निवेदन करी. लोक स्टॉलवर जाऊन त्या शॅडोचेच मासिक मागू लागले. असे मासिक तेव्हा नव्हतेच! स्ट्रीट अँड स्मिथने १९३१ मध्ये ते घाईने काढले आणि लिहायला जादूचे प्रयोग करणारे वॉल्टर गिब्सन यांना बसवले. अंकावर नाव मॅक्सवेल ग्रँट, हे प्रकाशनाचे टोपणनाव. पुढे मासिक पाक्षिक झाले. एकूण ३२५ कादंबऱ्यांपैकी २८२ एकट्या गिब्सन यांच्या.

या सगळ्या पसाऱ्यात वाङ्मयीन दृष्ट्या सरस ठरते ते ‘ब्लॅक मास्क’. मेंकन आणि नेथन या संपादकांनी १९२० मध्ये ते काढले, ते आपल्या तोट्यातल्या उच्चभ्रू मासिकाला पैसा पुरवण्यासाठी, आणि लवकरच विकूनही टाकले. पुढे त्यात डॅशिएल हॅमेट लिहू लागले. त्यांनी पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरी केलेली, त्यामुळे त्यांचा हेर दिवाणखान्यात बसून तर्क लढवत नाही. तो रस्त्यावर हिंडतो, मार खातो, तुटक बोलतो. ‘द माल्टीज फाल्कन’ इथेच १९२९-३० मध्ये क्रमशः आली. भारतातल्या रेल्वे स्टॉलांवर ही शैली मुख्यतः जेम्स हॅडली चेस यांच्या पुस्तकांतून पोचली. गंमत अशी, की चेस होते इंग्रज. अमेरिका त्यांनी बरीचशी नकाशे आणि बोलीचे कोश पाहून उभी केली.

आतला कागद मळकट असला तरी मुखपृष्ठ गुळगुळीत आणि भडक असे. ‘वीअर्ड टेल्स’ची १९३०च्या दशकातली बहुतेक गाजलेली, अर्धवस्त्र नायिकांची मुखपृष्ठे पेस्टलमध्ये काढली मार्गारेट ब्रंडेज यांनी. सही ‘एम. ब्रंडेज’ अशी असल्याने चित्रकार बाई आहे हे अनेक वाचकांच्या गावीही नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात कागद टंचाईचा झाला. चित्रकथांनी मुले ओढली, आणि १९३९ पासून २५ सेंटला मिळणाऱ्या पॉकेट बुक्सनी मोठी माणसे. स्ट्रीट अँड स्मिथने आपली बहुतेक पल्प मासिके १९४९ मध्ये बंद केली. उरलेल्यांतली काही आकाराने लहान होऊन टिकली. जुने अंक जपणे मात्र अवघड आहे : कागदातल्या आम्लामुळे पान तपकिरी पडते आणि उलटताना कडेचा तुकडा हातात येतो.