एमएच ३१ मधला एकतीस

सीताबर्डीच्या सिग्नलवर गाडी थांबली की पुढच्या पाटीवर 'एमएच ३१' दिसतंच. पुढे पूर्व नागपूरला ४९ आणि ग्रामीणला ४० आकडा मिळाला, तरी नागपूरकराच्या तोंडी बसलाय तो ३१च. गणितातही या संख्येचं नाव आहे, ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. चार-पाच उदाहरणं पाहून आपण घाईने नियम ठरवतो, आणि ३१ पाशी तो अडतो.

एक कागद घ्या, वर्तुळ काढा. परिघावर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी रेषेने जोडा आणि वर्तुळाचे किती भाग पडले ते मोजा. दोन बिंदूंना २ भाग, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहाव्याला ३२ होणार असं कुणालाही वाटेल. होतात ३१. मात्र बिंदू सारख्या अंतरावर घेऊ नका, नाहीतर तीन व्यास केंद्रातच एकमेकांना छेदतात, मधला भाग नाहीसा होतो आणि मोजणी तीसवर थांबते.

असं का होतं? सुरुवातीला अख्खं वर्तुळ, म्हणजे एक भाग. प्रत्येक जीवा एक भाग वाढवते आणि दोन जीवांचा प्रत्येक छेद आणखी एक. सहा बिंदूंच्या जीवा १५. एका छेदाला परिघावरचे चार बिंदू लागतात, आणि सहातून चार निवडण्याचे प्रकारही १५च. १ + १५ + १५ = ३१. सात बिंदूंना हाच हिशोब ५७ देतो. दुप्पट होण्याचा नियम मुळात नव्हताच. पाचापर्यंत आकडे जुळले, एवढंच.

३१ ही मूळ संख्या आहे, हे शाळेत शिकलेलं असतं. तिच्यापुढे ३ लावत चला: ३३१, ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१, ३३३३३३३१. सगळ्या मूळ संख्या! पुढची ३३३३३३३३१ मात्र १७ × १९६०७८४३ निघते.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे की साखळी इतकी लांबते त्यालाही कारण आहे. यातल्या कुठल्याही संख्येला ३ ने गुणलं की दहाच्या एखाद्या घातातून ७ वजा केलेली संख्या मिळते. ३१ चे ९३ होतात, म्हणजे १०० − ७. आता दहाच्या घाताला १३ ने भागून पाहा. बाकी १०, ९, १२, ३, ४, १ अशीच फिरत राहते, ७ कधीच येत नाही. म्हणून ही माळ कितीही वाढवली तरी १३ तिच्यातल्या एकाही संख्येला भागू शकत नाही. २, ३, ५, ७ आणि ११ यांनाही इथे प्रवेश नाही. लहान विभाजक असे आधीच बाहेर पडले की मोठी संख्याही मूळ निघण्याची शक्यता बरीच वाढते. पहिली वाट मिळते ती १७ ला, कारण १० च्या नवव्या घाताला १७ ने भागलं की बाकी बरोब्बर ७ उरते. पुढे दर सोळा पायऱ्यांनी १७ ने परत भाग जातो.

याच ३१ ला १६ ने गुणलं की ४९६ येतात, ही तिसरी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते अशी. स्वतः ३१ म्हणजे १ + २ + ४ + ८ + १६, आणि तीच १ + ५ + २५ सुद्धा. एकापासून सुरू होणाऱ्या, तीन किंवा अधिक पदांच्या अशा दोन वेगवेगळ्या घातमालांची बेरीज असणारी दुसरी संख्या आजवर एकच सापडली आहे, ८१९१. तिसरी नाहीच, असा बेल्जियमच्या रने गोरमाख्तिख यांचा १९१७ सालचा अंदाज अजून सिद्ध झालेला नाही.